लाखपुरीचं स्टेशन ही 'इंग्रजांची आठवण' नाही

पूर्णाकाठ (धागा)

सगळ्या गटांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. मूर्तिजापूर–अचलपूर लाईनवरच्या लाखपुरी स्टेशनचे फोटो, गवतात गडप झालेले रूळ, आणि खाली मजकूर असा: 'ही भारतातली एकमेव रेल्वे, जी आजही इंग्रजांच्या मालकीची आहे. स्वतंत्र भारत तिच्यापोटी दरवर्षी ब्रिटनला १ कोटी २० लाख रुपये मोजतो. हे स्टेशन वारसा म्हणून जपा. इथे कॅफे काढा, चार डब्यांची टॉय ट्रेन फिरवा, पर्यटक येतील, गावाला रोजगार मिळेल.' लोक हळहळून ती पुढे ढकलतायत.

मी त्याच पट्ट्यातला. मला या पोस्टचा राग आला आणि का आला ते नीट लिहितो.

भुसावळहून नागपूरला जाणारी मोठी लाईन १८६७ ला झाली. त्यानंतर वऱ्हाडात एकच प्रश्न होता: कापूस त्या लाईनीपर्यंत न्यायचा कसा? अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला, खामगावला जलंबहून. अचलपूर, दर्यापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ मात्र बैलगाडीवरच राहिले. पावसाळ्यात आमच्या मातीत भरलेली गाडी कशी रुतते हे ज्याने ओढलीय त्यालाच कळेल. मग १९१० मध्ये किलिक निक्सन नावाच्या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मूर्तिजापूरहून दोन्ही बाजूंना अडीच फुटी रूळ पडले. उत्तरेला अचलपूर ७६ किलोमीटर, दक्षिणेला यवतमाळ ११३. लाखपुरी हे अचलपूरच्या अंगाचं, पूर्णेच्या अलीकडचं स्टेशन. नदी ओलांडली की पुढे बनोसा म्हणजे दर्यापूर, मग अंजनगाव, पथ्रोट आणि शेवटी अचलपूर.

म्हणजे हे स्टेशन कापसासाठी झालं. पण पुढे कापूस ट्रकवर गेला आणि गाडी माणसांची झाली. मजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरणारे, कारंज्याला दत्तदर्शनाला निघालेले. या माणसांनीच तिला शकुंतला म्हणून घरातल्या लेकीसारखं वागवलं. त्या पोस्टमध्ये यातलं एकही माणूस नाही. इंग्रज आहे, रॉयल्टी आहे, कॅफे आहे.

हे स्टेशन बंद का पडलं, हा प्रश्नही त्या पोस्टमध्ये नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ मध्ये, या लाईनीच्या गेजबदलाची, म्हणजे अडीच फुटी रूळ काढून मोठा टाकायची, घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडा आला. आज तिथे छोटी गाडी नाही आणि मोठीही नाही. लोकांना 'बिचारं जुनं स्टेशन' दाखवून रडवलं की 'रूळ कुठे गेला' असं कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच: स्टेशनच्या जागेला आणि रुळाखालच्या जमिनीला कुणी हात लावू नये, आणि तिच्यावरून ब्रॉडगेज जावी. वारशाचं नंतर बघू.

रूळवेडा

ती पोस्ट माझी नाही, पण तिच्यातला बराच भाग मला पटतो, म्हणून लिहितो. 'वारशाचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांनीच या राज्यातल्या छोट्या लाईनी पुसल्या. बार्शी लाईट रेल्वेचं काय उरलं? १८९७ ला एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बांधलेली, जगभरचे इंजिनिअर जिचा अभ्यास करतात अशी लाईन. मिरज ते लातूर सगळी ब्रॉडगेज झाली. जुनी स्टेशनं कुठे गेली, विचारा कुणाला. नागपूर–नागभीड २०१९ ला बंद. पाचोरा–जामनेर टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. शकुंतलाही त्याच वाटेने गेली. ब्रॉडगेज टाकताना पहिल्या दिवशी जेसीबी येतो आणि स्टेशन भुईसपाट करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नेरळ–माथेरान १९०७ ची आहे आणि आजही लोक तिकिटासाठी रांग लावतात. मग लाखपुरीला का नको?

पूर्णाकाठ

कारण माथेरानला डोंगर आहे, गारवा आहे आणि शेजारी मुंबई आहे. लाखपुरीला मे महिन्यात ४५ अंश असतं. आमच्याकडे लक्षेश्वर आहे, श्रावणात कावडवाले पूर्णेचं पाणी भरायला येतात, ते खांद्यावर कावड घेऊन पायी जातात. टॉय ट्रेनमध्ये कोण बसणार? एकदा येऊन बघा आणि मग बोला.

हिशेबी

मी दोघांच्याही विरुद्ध आहे. ७६ किलोमीटरला चार तास. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटरला अख्खा दिवस जायचा. तेवढ्या वेळात एसटी जाऊन परत येते. माझ्या काकांनी दर्यापूर–मूर्तिजापूर काळी-पिवळी चालवली. त्यांच्या गाडीत बसायला लोक भांडायचे आणि शेजारून शकुंतला अर्धी रिकामी जायची. लोकांनी गाडी आधी सोडली, सरकारने नंतर. हे कुणाला ऐकायचं नसतं. दीड हजार कोटी या पट्ट्यात घालायचे असतील तर रस्ते करा, बस द्या, पूर्णेवरचे पूल उंच करा. ब्रॉडगेज आली तरी दिवसाला दोन गाड्या धावतील आणि त्याही रिकाम्या.

अंजनगावची सून

हिशेबी भाऊ, काळी-पिवळीत बसायला भांडणारे पुरुष होते. माझ्या सासूबाई पानाच्या डाली घेऊन मूर्तिजापूरला जायच्या. अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपरी आजही प्रसिद्ध आहेत, पण तेव्हा तो माल बायांच्या डोक्यावरून निघायचा. काळी-पिवळीवाला डाल टपावर टाकायचा, वेगळे पैसे घ्यायचा आणि उन्हात पानं करपायची. शकुंतलेत डाल पायाशी ठेवता यायची, त्यावर ओला फडका टाकता यायचा, आणि तिकीट एसटीच्या मानाने काहीच नव्हतं. चार तास लागायचे, हो. पण ज्या बाईचा दिवसभराचा रोज पन्नास-साठ रुपये, तिला वेळ परवडतो, भाडं परवडत नाही. त्या बाया कुणाच्या हिशेबात धरल्या गेल्या नाहीत.

कॅफेबद्दल काय लिहू? सासूबाई ज्या झाडाखाली गाडीची वाट बघत बसायच्या तिथे कुणी दोनशे रुपयांची कॉफी पिणार, या विचारानेच जीव जळतो.

खारपाण

कॅफे काढणार म्हणता, चहा कोणत्या पाण्याचा करणार? लाखपुरी, दर्यापूर सगळा खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. घराघरात मुतखडे, किडन्या गेलेली माणसं. आमच्या गावात सोयरीक जमवताना मुलीकडचे आधी पाणी पिऊन बघतात. शंभर वर्षं रेल्वेच्या नावाने रडतोय आपण, पाण्याच्या नावाने एक धागा निघत नाही. दीड हजार कोटी असतील तर आधी गोडं पाणी द्या, मग कोणतीही गाडी आणा.

रूळवेडा

पाण्यावर वेगळा धागा काढा ना. इथे स्टेशनबद्दल चाललंय.

खारपाण

वेगळा धागा काढला तर तुमच्यापैकी एकही येणार नाही, म्हणून इथे लिहितो. आणि पाण्याचा रेल्वेशी संबंध नाही असं कुणी सांगितलं? वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, आणि खाऱ्या पाण्याने बॉयलरला खपल्या धरतात. इंजिनाची काळजी घेतली गेली, माणसाची नाही.

गेज ७६२

मूळ मुद्द्यावर येतो. 'इंग्रजांची मालकी' आणि 'ब्रिटनला रॉयल्टी' ही थाप आहे आणि ती थाप या लाईनीला महागात पडली. किलिक निक्सन ही मुंबईची पेढी, १८५७ ची. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हातात गेली, त्यालाही आता कित्येक दशकं झाली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी तिचीच. पैसा लंडनला जात नव्हता. वाद होता तो मुंबईतल्या एका खासगी कंपनीत आणि भारत सरकारच्या रेल्वेत.

दुसरं, अशा शाखा कंपन्यांचं भांडवल रुपयांत उभं व्हायचं. ताप्ती व्हॅली रेल्वेही किलिक निक्सनचीच. शेअर घेणाऱ्यांत मुंबईचे देशी शेठही असत. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ही निव्वळ 'गोऱ्यांची' रेल्वे नव्हती. कंपनीने लाईन बांधायची, जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) चालवायची आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा, असा तो करार. रेल्वेचा कारभार तपासणाऱ्या १९२०-२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीने या शाखा कंपन्यांच्या पद्धतीवर टीका केली होती.

आणि ही लाईन 'मँचेस्टरला कापूस नेण्यासाठी' झाली असं नेहमी म्हणतात, तेही अर्धंच खरं. ही लाईन झाली त्या काळात वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मँचेस्टरपेक्षा जपानला आणि मुंबईच्या गिरण्यांना जास्त जात होता.

रूळवेडा

मुंबईची कंपनी म्हणता, पण करार कुणाशी झाला होता? सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडियाशी, म्हणजे लंडनच्या भारतमंत्र्याशी. इंग्रज सरकारने केलेला करार स्वतंत्र भारत दर दहा वर्षांनी पुढे ओढत राहिला. १९२५ ला सरकारने जीआयपी ताब्यात घेतली, १९५१ ला मध्य रेल्वे झाली, आणि त्या सगळ्यातून ही लाईन तशीच राहिली. 'इंग्रजांची मालकी' हा शब्द चुकीचा असेल, भावना चुकीची नाही.

गेज ७६२

भावना चुकीची नाही, पण निष्कर्ष चुकीचा निघतो. 'इंग्रजांची' म्हटलं की लोकांना वाटतं, हाकला इंग्रजांना, झालं काम. इथे हाकलायला इंग्रज नव्हताच. लाईन विकत घ्यायची की नाही हे दिल्लीने ठरवायचं होतं. बार्शी लाईट १९५४ ला घेतली ना? ती घेतली म्हणूनच पुढे तिची ब्रॉडगेज झाली. शकुंतला घेतली नाही. का? कारण तिच्यात फायदा नव्हता आणि तोट्याची लाईन विकत कोण घेतो?

परतवाडा एक्स्प्रेस

ताप्ती व्हॅली घेतली, जीआयपी घेतली, बार्शी घेतली, आणि नेमकी वऱ्हाडची राहिली. याला विदर्भावरचा अन्याय नाही तर काय म्हणायचं? पश्चिम महाराष्ट्राची लाईन १९५४ ला सरकारी होते आणि आमची पुढेही कित्येक दशकं खासगीच राहते.

हिशेबी

बार्शी लाईट लातूरपर्यंत जायची, लातूर पश्चिम महाराष्ट्रात कधीपासून आलं? प्रत्येक गोष्टीत विदर्भावर अन्याय शोधायची सवय लागलीय. देशात अशा कितीतरी खासगी लाईनी होत्या. मार्टिन कंपनीची हावडा–आमता १९७१ ला बंद पडली. शहादरा–सहारणपूर १९७० ला बंद पडली. तिथल्या लोकांनी विदर्भाचं नाव घेतलं नाही.

परतवाडा एक्स्प्रेस

शहादरा–सहारणपूर बंद पडली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज झाली, ते लिहायचं सोयीस्कर विसरलात. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिकडे बंद म्हणजे नवीन येणार, इकडे बंद म्हणजे बंद. अचलपूर एकेकाळी वऱ्हाडची राजधानी. आज शहराला रेल्वे नाही. फिनले मिल बंद, मेळघाटातलं सागवान एकेकाळी इथल्या डेपोतून निघायचं, संत्री ट्रकने जातात आणि घाटात खोळंबली की सडतात. आम्ही ओरडायचं पण नाही का?

हिशेबी

ओरडा. पण आकडा घेऊन ओरडा. रोज किती टन संत्री, किती प्रवासी, ते मांडा. भावनेवर रूळ पडत नाही.

परतवाडा एक्स्प्रेस

कोकणात रूळ पडला तेव्हा प्रवासी मोजले होते का? रेल्वे आली मग प्रवासी आले. तुम्ही अमरावतीत बसून आमच्या सडलेल्या संत्र्यांचा हिशेब मागता, लाज वाटली पाहिजे.

हिशेबी

मी अमरावतीत बसत नाही, दर्यापूरला राहतो. आणि लाज काढायची असेल तर मी इथून उठतो.

जुना गार्ड

थांबा राजेहो. तुमी सारे मालकीवर भांडून राह्यले, पण गाडी चाले कशी हे कोनी इचारत नाई. मी या लाईनीवर गार्ड होतो. गार्ड म्हंजे काय? तिकिटं द्याची, गेट आलं का गाडी उभी कराची, उतरून गेट लावाचं, गाडी पुढं काढाची, मंग परत गेट उघडाचं अन् पळत डब्यात बसाचं. बहुतेक स्टेशनांवर मास्तर उरला नव्हता. पाच-सात मानसं सारी गाडी सांभाळत. इंजिन तोडनं, जोडनं, सिग्नल, सारं हातानं.

झेडडी नावाचं वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरले बनलेलं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पावतर त्यानंच गाडी ओढली. मंग डिझेल आलं. डिझेल आल्यावर गाडी धावन असं लोकाले वाटलं. कायची धावते! इंजिन बदललं, रूळ तोच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भराव खचते. तिच्यावर दरसाली खडी टाका लागते, रुळाखालचे सिलपाट बदला लागते. मालक म्हने रेल्वेनं टाकावी, रेल्वे म्हने मालकानं टाकावी. दोघाच्या भांडनात सिलपाट सडले. मंग वेग उतरवला, ताशी वीस किलोमीटर. पावसाळ्यात तर गाडी बंदच ठेवा लागे.

हिशेबीभाऊ म्हनते लोकांनी गाडी सोडली. सोडली, खरं हाये. पण गाडी हळू होती म्हनून सोडली, अन् गाडी हळू होती कारन खडी नव्हती. हे उलटं वाचू नका.

हिशेबी

काका, तुमचं म्हणणं मी मानतो. देखभाल झाली असती तर वेग राहिला असता. पण वेग राहिला असता तरी अडीच फुटी रुळावर किती? ताशी चाळीस? दर्यापूर–मूर्तिजापूर बसशी तरीही टक्कर झाली नसती.

जुना गार्ड

बसशी टक्कर कोनाले पाह्यजे होती? बस म्हाग, गाडी सस्ती. ज्याले घाई तो बसनं जाईन, ज्याच्या खिशात कमी तो गाडीनं. दोघंही चालले असते.

अंजनगावची सून

हेच मी वर लिहिलं होतं, काका.

दारव्हेकर

यवतमाळच्या बाजूचा कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे दारव्हा मोतीबाग स्टेशन आहे, तेही असंच पडलंय. पण आम्ही रडत बसलो नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज येतेय, २८४ किलोमीटर. वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेड. शकुंतलेच्या जुन्या रुळाला चिकटून न राहता नवीन लाईन मागितली, म्हणून मिळाली. अचलपूरवाल्यांनी जुन्या गाडीला कवटाळलं, सत्याग्रह केले, गाडीला हार घातले, आणि आज हातात काय?

परतवाडा एक्स्प्रेस

तुमची लाईन नांदेडला जाते म्हणून मिळाली, दोन बाजूंची शहरं जोडते म्हणून. आमच्या पुढे मेळघाट आहे. अचलपूर लाईनीचं शेवटचं टोक, पुढे जायला वाट नाही. अकोला–खंडव्याचं काय झालं ते आठवा. मीटर गेजवर मीनाक्षी एक्स्प्रेस धावायची, काचीगुड्याहून थेट राजस्थानपर्यंत. १ जानेवारी २०१७ ला ती लाईनच बंद केली गेजबदलासाठी. वाघांच्या जंगलातून ब्रॉडगेज नको म्हणून वाद झाला, अकोला–अकोट तेवढं झालं, आणि वान रोड, धूळघाट ही स्टेशनं जंगलात पडून राहिली. धूळघाटचा तो वळसा, जिथे गाडी स्वतःच्याच रुळावरून वर चढायची, तो आता कुणालाच दिसणार नाही.

रूळवेडा

वाघासाठी लाईन वळवली ते मला मान्य आहे. मेळघाटातून ब्रॉडगेज जायलाच नको होती. मी रूळवेडा असलो तरी एवढं कळतं.

दारव्हेकर

आणि कारंजा? दत्ताचं ठिकाण, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, वर्षभर भाविक येतात. नवीन लाईन कारंज्याला शिवतही नाही. तेवढ्यापुरतं मला मान्य आहे की मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा जुना मार्ग जागा ठेवायला हवा. पुढेमागे दारव्ह्याला नवीन लाईनीला जोडला तर मूर्तिजापूर–नांदेड सरळ वाट होईल. पण हे कुणी मागत नाही. सगळे जण फोटो मागतात.

पूर्णाकाठ

दारव्हेकर, तुम्ही आम्हाला रडे म्हणत म्हणत माझाच मुद्दा मांडलात. जमीन जागेवर राहिली तरच हे जोड देता येतील. ती गेली की खेळ संपला. लाखपुरीपासून बनोसापर्यंत रुळालगत चालत जा. कुठे गोठा, कुठे कडबा, कुठे पाईप टाकलेला. शेतकऱ्याला दोष देत नाही, मोकळी पडलेली जमीन कोण सोडेल? पण आणखी काही वर्षांनी तिथे पक्की घरं उभी राहतील. मग ब्रॉडगेजला नवीन भूसंपादन लागेल आणि हेच हिशेबी भाऊ म्हणतील की खर्च परवडत नाही.

हिशेबी

हो, म्हणेन. कारण तेव्हा खरंच परवडणार नाही. जमीन सांभाळा याला माझा विरोध नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी सलग पट्टा मिळवून ठेवलाय, तो तुकड्यांत घालवणं मूर्खपणा आहे. रूळ पडो वा न पडो, पट्टा ठेवा. याच्या पुढे मी एक पाऊल येणार नाही.

रूळवेडा

मग स्टेशनच्या खोल्यांचं काय? पट्टा ठेवून खोल्या पाडणार का?

पूर्णाकाठ

पाडायला कोण सांगतंय? तिथे गाडी थांबणार असेल तर स्टेशन लागणारच. पण 'हेरिटेज' पाटी लावून कुलूप घालायला माझा विरोध आहे. तुम्हाला जतन हवं असेल तर वस्तू जपा. काकांनी वापरलेले टोकन, तिकीटपेटी, हातदिवे, सिग्नलचे खटके, मूर्तिजापूरच्या शेडमधली अवजारं. ती भंगारात गेली तर कॅफेच्या भिंतीवर तुम्ही काय टांगणार?

रूळवेडा

हे आधी म्हणाला असतात तर एवढी भांडणं झाली नसती. नागपूरला मोतीबागेत छोट्या लाईनींचं संग्रहालय २००२ पासून आहे. तिथे न देता मूर्तिजापूरलाच एखादी खोली मिळाली तर जास्त बरं. कॅफेवर मी अडून बसत नाही. पण जुनं आधी पाडून टाकायचं आणि मग पाटी लावायची, याला मी शेवटपर्यंत विरोध करणार.

गेज ७६२

रॉयल्टीवर मला अजून एक लिहायचंय. १ कोटी २० लाख हा आकडा वर्षानुवर्षं जसाच्या तसा फिरतो. प्रवासी कमी झाले, गाड्या कमी झाल्या, शेवटी गाडीच थांबली, तरी आकडा तोच. उत्पन्नातला वाटा असेल तर तो उत्पन्नाबरोबर घटायला नको का?

दारव्हेकर

पुन्हा रॉयल्टी! अहो, गाडीच नाही तर वाटा कसला?

गेज ७६२

म्हणूनच म्हणतो. तरीही गेल्या आठवड्यातल्या पोस्टमध्ये 'मोजतो' असं वर्तमानकाळात लिहिलंय. लोकांनी ते खरं मानलं. उद्या कुणी आमदार सभेत बोलेल, परवा वर्तमानपत्र छापेल.

परतवाडा एक्स्प्रेस

आमदार बोलला तर बोलू दे, निदान बोलेल तरी.

खारपाण

माझ्या पाण्याला कुणी उत्तर दिलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

अंजनगावची सून

खारपाण भाऊ, उत्तर मी देते. आमच्याकडे धरणाचं पाणी आलं तेव्हा जलवाहिनी रस्त्याच्या कडेने आली, प्रत्येक गावात वळणं घेत. रेल्वेचा पट्टा सरळ आहे, मूर्तिजापूर ते अचलपूर. त्याच्या कडेने गोड्या पाण्याची वाहिनी टाकता येईल का, हे एखाद्या इंजिनिअरने सांगावं. रूळ नंतर येईल, पाणी आधी आलं तरी चालेल. पण त्यासाठीसुद्धा पट्टा मोकळा हवा.

खारपाण

ताई, या अख्ख्या धाग्यात कामाचं एवढं एकच बोलणं झालं.

जुना गार्ड

वाहिनी टाकान तर पूर्णेच्या पुलाचं पाहा आधी. पूल रेल्वेचा हाये, अरुंद हाये. पाईप अंगाले लावून नेता येईन का नाई ते त्याच्या खांबांवर हाये. अन् लाखपुरीकडून चालत गेले तर हिवाळ्यात जा, पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाय निघत नाई.

पूर्णाकाठ

काका, दिवाळीनंतर कोण कोण येतंय ते इथेच लिहा. लाखपुरीहून निघून पूल ओलांडून बनोसापर्यंत. रूळवेडा, तुम्ही पुण्याहून येणार असाल तर मुक्काम आमच्याकडे. हिशेबी भाऊ दर्यापूरला भेटतीलच. पट्ट्यावर कुठे कुठे काय उभं राहिलंय ते लिहून काढू, फोटो काढू, आणि तो कागद अर्जासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ.

हिशेबी

येतो. पण रॉयल्टीचा विषय निघाला तर परत फिरेन.